लंडनचा ल्यूथर, डोंबिवलीचा आपटे

प्रश्न : सुट्टीच्या रात्री मी मोबाइलवर इंग्रजी गुन्हेपट पाहतो. हल्लीच्या ब्रिटिश चित्रपटांत पोलीस अधिकारी कृष्णवर्णीय, डॉक्टर कृष्णवर्णीय, अगाथा ख्रिस्तीच्या जुन्या गोष्टीतही मध्येच एखादा भारतीय चेहरा. माझा मेहुणा म्हणतो, तिकडे सरकारने नटांसाठी आरक्षण ठेवलं आहे. हे खरं आहे का? मूळ गोष्टीशी असा खेळ करणं बरोबर आहे का? आपल्या गुन्हेपटांत अशी काही पद्धत आहे का? आमच्या आंबिवलीचं नाव बातमीत आलं की पाठोपाठ सोनसाखळी येते, म्हणून विचारतो.
— एक वाचक, आंबिवली

उत्तर : पत्र एक आणि प्रश्न तीन. त्यातला शेवटचा आपण जाता जाता विचारल्यासारखा लिहिला आहे, पण खरी मेख त्यातच आहे. तिथे पोहोचायला जरा लंडनमार्गे जावं लागेल.

आधी मेहुण्यांचं म्हणणं पाहू. चित्रपटात अमुक वर्णाचे इतके नट घ्या, असा कायदा ब्रिटनमध्ये नाही. स्वतःच्या पैशाने चित्रपट काढणाऱ्याने सगळे गोरे घेतले, तरी त्याला कोणी नोटीस पाठवत नाही. मग हा समज आला कुठून? तर तिथे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. राष्ट्रीय लॉटरीतून येणारा पैसा ती चित्रपटांना देते. हा पैसा जनतेचा असल्यामुळे २०१६ पासून तिने त्याला काही कसोट्या जोडल्या. त्या चार आहेत : पडद्यावर कोण दिसतं आणि कोणाची गोष्ट सांगितली जाते, कॅमेऱ्यामागे मुख्य कामं कोण करतं, नवख्यांना या धंद्यात शिरायला वाव मिळतो का, आणि चित्रपट कोणत्या प्रेक्षकापर्यंत नेला जातो. चारही पूर्ण करण्याची सक्ती नाही. म्हणजे पडद्यावरची कसोटी बाजूला ठेवून बाकीच्यांच्या जोरावरही पैसा मिळू शकतो. ‘बाफ्टा’ पुरस्कारांनी सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाच्या विभागासाठी २०१९ पासून याच कसोट्या उचलल्या. ऑस्करवाल्यांनीही पुढे २०२४ पासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तशाच धर्तीच्या अटी लावल्या.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या कसोट्यांत वर्णाखेरीज स्त्रिया, अपंग, वेगवेगळ्या वयोगटांतले लोक, लंडनबाहेरच्या प्रदेशांतले लोक, गरीब घरांतून आलेले लोकही येतात. उत्तर इंग्लंडमधल्या एखाद्या गोऱ्या कामगाराची मुलगी कॅमेरा सांभाळत असेल, तर तीही या हिशेबात धरली जाते. आपल्याकडे मराठी चित्रपटाला राज्य सरकारचं अनुदान मिळतं. त्यासाठी ‘अ’ दर्जा, ‘ब’ दर्जा असे शेरे असतात आणि अटीही असतात. त्याला कोणी आरक्षण म्हणत नाही. अर्थात कागद नीट भरून गोष्ट कोरडी ठेवणारे निर्माते तिथेही आहेत. अर्जातली चौकट भरली म्हणून पात्र जिवंत होत नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

आता गोष्टीशी खेळ होतो का, ते. इथे आजची गोष्ट आणि जुन्या काळातली गोष्ट वेगळी करायला हवी.

आजच्या गोष्टीचं उत्तर सोपं आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार लंडनमध्ये गोऱ्यांचं प्रमाण ५३.८ टक्के होतं. आशियाई २०.७ टक्के, कृष्णवर्णीय १३.५ टक्के. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर दिसणारी जवळपास निम्मी माणसं गोरी नाहीत. त्या शहरात घडणाऱ्या गुन्हेपटात पोलीस, चोर, वकील, शेजारी सगळेच गोरे दाखवले, तर बनावट तिथे झाली असं म्हणायला हवं.

जुन्या काळाच्या गोष्टीत मात्र थोडं थांबून पाहावं लागतं. केनेथ ब्रानाच्या २०१७ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये लेस्ली ओडम ज्युनिअर हा कृष्णवर्णीय नट डॉक्टर आर्बथनॉट झाला आहे. ख्रिस्तीच्या १९३४ च्या कादंबरीत आर्बथनॉट हा फौजी कर्नल होता आणि गोरा होता. तेव्हा कुठून आले कृष्णवर्णीय डॉक्टर, असं आपल्याला वाटेल. पण जमैकात जन्मलेले डॉ. हॅरल्ड मूडी १९१३ पासून लंडनच्या पेकहॅम भागात दवाखाना चालवत होते आणि १९३१ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी एक संघटनाही काढली. आपल्या बाजूचंच उदाहरण हवं असेल तर ख्रिस्तीचा गुप्तहेर पायरो पहिल्यांदा छापून आला १९२० मध्ये. १९२१–२२ च्या सुमारास लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात एक मराठी विद्यार्थी राहत होता, त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. हे घर पुढे महाराष्ट्र सरकारने घेतलं. तेव्हा त्या काळातल्या रहस्यपटात ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाकडे निघालेला, बगलेत पुस्तकं मारलेला एखादा मराठी तरुण रस्त्यावर दिसला, तर दिग्दर्शकाने कल्पनेचे घोडे उधळले असं म्हणता येणार नाही. गोष्टी लिहिणाऱ्यांना तो तेव्हा दिसला नाही, इतकंच.

पण समजा, १९३४ च्या लंडनमध्ये स्कॉटलंड यार्डचा मोठा अधिकारी कृष्णवर्णीय दाखवला, तर? तर आपली शंका रास्त आहे. लंडनच्या पोलीस दलात आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय शिपाई, नॉर्वेल रॉबर्ट्स, भरती झाला तो १९६७ मध्ये. त्याच्या आधीचा काळ वास्तव म्हणून मांडायचा आणि तिथे कृष्णवर्णीय इन्स्पेक्टर बसवायचा, म्हणजे त्या दलाने इतकी वर्षं दार बंद ठेवलं होतं हेच पुसून टाकायचं. असं पुसणं मला तरी बरं वाटत नाही. चित्रपट उघडउघड खेळकर असेल, तर गोष्ट निराळी.

मग एवढा खटाटोप का, असं आपण विचाराल. याचं कारण समजायला ब्रिटिश गुन्हेकथेच्या मुळाशी जावं लागतं, आणि ते मूळ चक्क आपल्या अंगणात सापडतं. शेरलॉक होम्स जन्मायच्या कितीतरी आधी, १८३९ मध्ये, फिलिप मेडोज टेलरने एका ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली. ती इंग्लंडात तुफान खपली. हा टेलर निजामाच्या नोकरीत होता आणि पुढे आपल्या नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिला. १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ आली. त्यात हिरा चोरीला जातो आणि संशय येतो हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन हिंदुस्थानी ब्राह्मणांवर. (चोर निघतो एक सभ्य इंग्रज. दीडशे वर्षांनी रहस्य फोडायला हरकत नसावी.) म्हणजे ब्रिटिश वाचकाच्या डोक्यात परक्या वर्णाच्या माणसाची जागा आधीच ठरलेली होती : संशयिताची.

चित्रपटाने ही जागा तशीच पुढे चालवली. १९५९ मध्ये हॅमर कंपनीने ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ काढला. विषय पुन्हा ठग. चित्रीकरण इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत, आणि कालीचा मुख्य पुजारी झाला होता सायप्रसमध्ये जन्मलेला नट, जॉर्ज पॅस्टेल. नावात मुंबई असूनही मुंबईचा वाटा नावापुरताच.

गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच देशात, ‘सॅफायर’ नावाचा दुसरा गुन्हेपट निघाला. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. आदल्याच वर्षी लंडनच्या नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीयांवर हल्ले होऊन दंगल पेटली होती, तो धूर अजून निवला नव्हता. चित्रपटाची सुरुवात नेहमीसारखी : हॅम्पस्टेड हीथवर एका गोऱ्या तरुणीचा मृतदेह सापडतो. पोलीस चौकशी सुरू करतात. मग तिचा भाऊ सुपरिंटेंडंटच्या खोलीत येतो, आणि तो कृष्णवर्णीय असतो. सॅफायर मिश्र वंशाची होती आणि गोरी म्हणून वावरत होती. त्या क्षणापासून तपासाची दिशा बदलते आणि त्याहून जास्त, तपास करणाऱ्यांची तोंडं बदलतात. हाताखालचा इन्स्पेक्टर लगेच तिच्या वागण्याबद्दल वेगळं बोलू लागतो. मुलगी तीच, प्रेत तेच. तिच्याबद्दलची माहिती एका वाक्याने वाढली, एवढ्याने सगळ्यांचा अंदाज फिरला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. अधिकारी सगळे गोरेच आहेत, कारण दलात तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच. पण संशय कुठून उगवतो हे त्या चित्रपटाने जितकं स्वच्छ दाखवलं, तितकं आजच्या रंगीबेरंगी पात्रयादीच्या चित्रपटांतही क्वचित दिसतं.

कोणी म्हणेल, हे सगळं कथा-कादंबऱ्यांतलं. तर एक खरा खटला सांगतो. त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईत जन्मलेले शापुरजी एदलजी हे पारशी गृहस्थ ख्रिस्ती झाले, इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली गावाचे धर्मगुरू झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये वकिली करत असे. रेल्वेने जाणाऱ्या सामान्य माणसाला त्याचे कायदेशीर हक्क कळावेत म्हणून त्याने एक पुस्तकही लिहिलं होतं. (कसारा लोकलमध्ये ते वाटायला हवं.) १९०३ मध्ये गावात रात्री-अपरात्री घोडे आणि गुरं यांची पोटं कापली जाऊ लागली. निनावी पत्रं फिरली. पोलिसांनी जॉर्जला धरलं. तो तुरुंगात असतानाही जनावरं कापली गेली, तरी त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

तीन वर्षांनी तो सुटला, पण नावावरचा डाग कायम होता आणि वकिली गेली होती. त्याने शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याला लिहिलं. डॉयल त्याला भेटायला हॉटेलात गेला, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही जरा तिरका धरून. डॉयल स्वतः डॉक्टर होता आणि त्याने डोळ्यांच्या रोगांचा अभ्यास केला होता. त्याच्या लक्षात आलं, की इतकं अधू दिसणारा माणूस काळोख्या रात्री, शेतातून, कुंपणं ओलांडत जाऊन घोड्याचं पोट कापू शकणार नाही. १९०७ च्या सुरुवातीला त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिले. त्याच वर्षी जॉर्जला घोडे कापल्याच्या आरोपातून माफी मिळाली, भरपाई मात्र एक पेनीही नाही. फौजदारी अपिलाचं न्यायालय इंग्लंडमध्ये त्याच वर्षी स्थापन झालं, त्यामागच्या कारणांत या खटल्याचंही नाव घेतलं जातं.

या प्रकरणावर ज्युलियन बार्न्सने २००५ मध्ये कादंबरी लिहिली आणि २०१५ मध्ये आयटीव्हीवर तीन भागांची मालिका झाली, ‘आर्थर अँड जॉर्ज’. जॉर्जच्या भूमिकेत अर्शर अली. प्रतिनिधित्व मिळालं की नाही? मिळालं. पण मालिका पाहताना जाणवतं, की गोष्ट डॉयलची आहे. तो हिंडतो, चिडतो, शोधतो, प्रेमात पडतो. जॉर्ज बहुतेक वेळ त्याची वाट पाहतो. वास्तवात वकील असलेला, स्वतःसाठी पत्रं धाडणारा, कायद्यावर पुस्तक लिहिणारा माणूस पडद्यावर मदतीस पात्र गृहस्थ होऊन बसतो. म्हणून मी अशा चित्रपटांत चेहरे मोजत नाही. तपासाची सूत्रं कोणाच्या हाती आहेत, कोणाला घर आहे, कोणाला स्वतःचा राग आहे, एवढं पाहतो.

सूत्रं हाती असूनही घोटाळा होऊ शकतो, याचं उदाहरण म्हणजे जॉन ल्यूथर. इद्रिस एल्बाचा हा पोलीस अधिकारी २०१० पासून बीबीसीवर गाजला आणि २०२३ मध्ये त्याच्यावर ‘ल्यूथर : द फॉलन सन’ हा चित्रपट आला. आपण पाहिलात तो बहुधा हाच असावा. त्यात तपास करणारे दोघेही मोठे अधिकारी, एल्बा आणि सिंथिया एरिव्हो, कृष्णवर्णीय आहेत आणि खलनायक अँडी सर्किस गोरा. १९५९ च्या मानाने बाजू पार उलटली. तरी २०२१ मध्ये बीबीसीच्याच विविधता विभागाच्या प्रमुख बाईंनी तक्रार केली, की ल्यूथरला कृष्णवर्णीय मित्र नाहीत, तो कॅरिबियन जेवण जेवत नाही, म्हणून तो खरा वाटत नाही. त्यावर बराच हशा झाला. मला त्या अर्ध्या बरोबर वाटतात. ल्यूथरला घरदार, गोतावळा, बालपण यांचा पत्ताच नाही, हे खरं. लेखक नील क्रॉस स्वतः गोरा. कृष्णवर्णीय माणसाचा अनुभव लिहिण्याचा आपला अधिकार नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पण जेवणाचं काय? एल्बाचे वडील सिएरा लिओनचे, आई घानाची. पश्चिम आफ्रिकेतल्या घराण्याच्या माणसाने जमैकन जेवण का जेवावं? विविधतेचं काम पाहणाऱ्यांनीही सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं.

आता घराकडे वळू. आपल्या गुन्हेपटांत वर्णाचं काम आडनाव करतं. आडनाव कळलं, की प्रेक्षक निम्मा निकाल देऊन मोकळा होतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटात मराठी माणसांची कमतरता कधीच नव्हती. हवालदार मराठी, भाजीवाली मराठी, घरकामाची बाई मराठी. संख्या भरपूर, संवाद दोन.

ही चौकट मोडली १९८३ च्या ‘अर्ध सत्य’ने. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा मारकुट्या हवालदार बापाचा मुलगा. त्याला संताप आहे, लाज आहे, दारू आहे, प्रेम आहे. आणि नटांची वाटणी पाहा : मराठी वेलणकर झाला अंबाल्याचा ओम पुरी, आणि दक्षिणेकडचा दादा रामा शेट्टी झाला आपल्या नगरचा सदाशिव अमरापूरकर. कोणाला खटकलं नाही, कारण दोघांनाही करायला काहीतरी होतं. १९९८ च्या ‘सत्या’मध्ये भिकू म्हात्रे झाला बिहारचा मनोज बाजपेयी. म्हात्र्यांच्या गावात त्याला आजही आपलाच मानतात. अलीकडे ‘सेक्रेड गेम्स’मध्ये जितेंद्र जोशीच्या हवालदार काटेकरला बायको, मुलं, कोतेपणा आणि माया हे सगळं मिळालं. पांडू हवालदाराच्या पिढीला ते मिळालं नव्हतं. मराठी नट ब्रिटिश चित्रपटांतही पोहोचले आहेत : ‘स्लमडॉग मिलियनेअर’मधला दादा महेश मांजरेकर, मायकेल विंटरबॉटमच्या ‘द वेडिंग गेस्ट’मधली नायिका राधिका आपटे. एकाला ठरलेली जागा मिळाली, दुसरीला गाडीत पुढची.

आपल्या भागातला गुन्हेपट म्हणाल, तर निशिकांत कामतचा ‘डोंबिवली फास्ट’, २००५. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. माधव आपटे, बँकेतला कारकून, रोजची लोकल, रोजची लाचलुचपत, आणि एक दिवस डोकं फिरतं. मग तो हातात बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो. फोडतो, झोडतो, धमकावतो. कायद्याच्या भाषेत मारहाण, तोडफोड, दहशत, सगळी कलमं लागू पडतील. तरी प्रेक्षक त्याच्या बाजूने. मीही होतो. संदीप कुलकर्णीने काम असं केलं आहे, की दुसरा पर्यायच नाही. पाठलाग करणारा इन्स्पेक्टरही त्याला समजून घेतो.

पण एक खेळ करून पाहा. हाच माणूस, हीच बॅट, हाच राग. फक्त आडनाव आपटे नाही, बँकेची नोकरी नाही आणि पत्ता आंबिवलीच्या एखाद्या वस्तीतला. चित्रपट पहिल्या फटक्याच्या आधीची त्याची वीस वर्षं दाखवेल का? की पहिल्या फटक्यापासूनच सुरू होईल? आपट्याला आपण बायको, मुलं, सकाळचा डबा यांच्यासकट भेटतो, म्हणून तो आपल्याला गुन्हेगार वाटत नाही. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये ही सोय उलटी करून दाखवली. आरोपी शाहीर नारायण कांबळे. भूमिकेत वीरा साथीदार, हे व्यवसायाने नट नव्हेत, चळवळीतले कार्यकर्ते. आणि कॅमेरा सरकारी वकील बाईंच्या घरापर्यंत, न्यायाधीशांच्या सहलीपर्यंत जातो. संशयितापेक्षा संशय घेणाऱ्यांची घरं आपल्याला जास्त दिसतात. पाहताना अवघडल्यासारखं होतं, ते त्यामुळे.

आता आंबिवली. शहाड आणि टिटवाळा यांच्यामधलं हे स्टेशन, आणि बातमीत ‘इराणी वस्ती’. पहिली गल्लत इथेच दूर करू : बन-मस्का आणि ब्रुन पाव देणाऱ्या मुंबईच्या इराणी हॉटेलांशी यांचा संबंध नाही. ते इराणी बहुतांशी जरथुष्ट्री. आंबिवलीतली कुटुंबं शिया मुसलमान, पूर्वी फिरता व्यापार करणारी. सोनसाखळीच्या गुन्ह्यांत इथले काही जण पकडले गेले आहेत, पकडायला आलेल्या पोलीस पथकांवर वस्तीत हल्ले झाले आहेत. हे खरं आहे, ते झाकून काही साधणार नाही. ज्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र रिक्षात बसल्या बसल्या ओढलं गेलं, तिला प्रतिनिधित्वाचं व्याख्यान देण्याचा माझा विचार नाही. पण टोळी म्हणजे काही माणसं, आणि वस्ती म्हणजे शाळेत जाणारी पोरंही. बातमीत हा फरक चार ओळींत मावत नाही. दोन तासांच्या चित्रपटात मावायला हवा.

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा धडा आपण इंग्रजांकडूनच गिरवला. ठगांच्या बंदोबस्तातून आलेली विचारसरणी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. १९५२ मध्ये तो देशभरातून रद्द झाला. पाठीमागे राहिलेली नजर कशी असते, ते लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ च्या ‘उचल्या’त लिहिलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथे जमातीचा माणूस स्वतःच सांगणारा आहे. त्याच्या वतीने कोणी डॉयल बोलत नाही. साहित्यात हे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी घडलं. पडद्यावर अजून ‘अमुक टोळी’ हेच पात्राचं नाव असतं. २०२२ मध्ये आलेल्या ‘दिल्ली क्राइम’च्या दुसऱ्या भागाने निदान एवढं दाखवलं, की पोलीस आधी विमुक्त जमातीच्या लोकांना उचलून आणतात आणि खुनी भलतेच निघतात.

ब्रिटनमध्येही हा पेच सुटलेला नाही. २०१९ मध्ये रॅपमन या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने लंडनच्या पोरांच्या टोळीयुद्धावर ‘ब्लू स्टोरी’ काढला. प्रदर्शनाच्या पहिल्याच आठवड्यात बर्मिंगहॅमच्या एका चित्रपटगृहाच्या आवारात मोठी हाणामारी झाली. चित्रपटाचा तिच्याशी संबंध असल्याचं काही दिसलं नव्हतं, तरी व्ह्यू या साखळीने तो आपल्या सगळ्या पडद्यांवरून उतरवला. ओरड झाल्यावर काही दिवसांनी परत लावला. गोष्ट सांगणारा आतला असला, तरी चित्रपटावरही संशयिताचाच शिक्का बसू शकतो, तो असा.

आंबिवलीच्या गोष्टी तरी एकट्या साखळीच्या कुठे आहेत? शेजारच्या मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. कागदपत्रं, तारखा, रिकाम्या होत गेलेल्या चाळी, थकलेली माणसं. उत्तम गुन्हेपटाला याहून जास्त काय लागतं? फक्त त्यात पाठलाग नाही, म्हणून निर्मात्याला तो गुन्हा वाटत नाही.

राहिला आपल्याकडच्या पद्धतीचा प्रश्न. सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. पडद्यावर कोण आणि कॅमेऱ्यामागे कोण, हे विचारत नाही. केरळ सरकार स्त्री दिग्दर्शकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना चित्रपट काढायलाच पैसे देतं. ब्रिटिश कसोट्यांच्या जवळ जाणारी देशातली योजना हीच म्हणता येईल. महाराष्ट्राच्या अनुदानात भर आहे तो तयार चित्रपटाच्या दर्जावर. आधी चित्रपट पुरा करा, मग शेरा मिळेल. मोहन्याच्या एखाद्या पोराला मात्र पैसे लागतात ते आधी.